माळ ओवणारं दुकान, गणपती पेठ, सांगली: कामावर घालायची माळ इथूनच घ्या

गणपतीच्या देवळाकडून पेठेत शिरलात की पूजेच्या सामानाची दुकानं लागतात. त्यातल्या एकाच्या पायरीला लागून, दोन माणसं कशीबशी बसतील एवढी जागा आहे. बाहेर खुंट्यांना माळा लटकवलेल्या, आत जाड भिंगाचा चष्मा लावलेले आजोबा. पाटी नाही. ‘माळवाले कुठं बसतात?’ म्हणून विचारलं की शेजारचा कुणीही दाखवतो.

मी एसटीत वाहक आहे, सांगली आगाराला. गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यामुळं हे खाकीतल्या माळकरणीचं मत समजा. घरात बसून जप करणाऱ्यांना माळ वेगळी लागते, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

या आजोबांचा पहिला प्रश्न असतो, “माऊली, काम काय करतासा?” मला वाटलं, गप्पा मारायची सवय असेल. पण उत्तरावर सगळं ठरतं. माझ्या पैशांच्या बॅगेचा पट्टा कुठल्या खांद्यावर असतो ते त्यांनी बघितलं, मंगळसूत्राची लांबी बघितली, मग बारीक मण्यांची माळ काढली. दुपदरी, गळ्याशी बसती, आत दोन बोटं जातील एवढीच सैल. लोंबती माळ पट्ट्यात अडकते, मंगळसूत्रात गुंतते, आणि गर्दीत कुणाच्या तरी पिशवीच्या बंदाला लागून तुटते.

माळ तुटणं म्हणजे काय ते माळकऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. माळ पुन्हा गळ्यात पडल्याशिवाय आम्ही जेवत नाही, काहीजण पाणीसुद्धा घेत नाहीत. तासगावच्या फेरीत भर गर्दीत माझी तुटली होती. मणी सीटखाली पसरलेले, दोन शाळकरी पोरींनी वेचून दिले, डबा तसाच बंद राहिला. ती माळ गावातल्याच दुसऱ्या दुकानातली होती. मणी मोठे, चकचकीत, एकसारखे. घामानं त्यांचा रंग उतरून कॉलरवर तांबूस डाग पडायचे. आजोबांनी एक मणी नखानं खरवडला आणि आतलं पांढरं लाकूड दाखवलं. तुळशीचा दांडा असून असून जाड किती असणार, त्यातून एवढाले टपोरे मणी निघतील कुठून, एवढंच म्हणाले. त्या दुकानाला नावं ठेवली नाहीत, हे मला आवडलं.

यांच्याकडं दर मण्यानंतर गाठ मारून मिळते. साधी ओवलेली माळ तुटली की एकशे आठ मणी घरंगळतात. गाठीची तुटली तर एखादाच मणी जातो आणि बाकीची माळ हातात राहते. वेळ जास्त लागतो, म्हणून मजुरीही जास्त घेतात. मी दिली. नायलॉनचा दोरा टिकतो पण उन्हाळ्यात मानेला काचतो. सुताचा मऊ असतो, पण घामानं कुजतो. त्यांनी मला सूतच दिलं आणि आषाढी आली की दरवर्षी ओवून घ्या म्हणाले. धंद्याची युक्ती असेलही. पण माझी मान आता सोलत नाही.

चांदीच्या तारेत गुंफून हवी असेल तर ते सराफाकडं पाठवतात, स्वतः करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “मग डबा खाताना ध्यान माळंवर ऱ्हातंय, चोरीला जाईल म्हून.”

आता ही माळ कामावर कशी चालली ते सांगते, कारण खरी परीक्षा तिथंच.

२०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास झाला होता. दोन्ही गोष्टी चांगल्याच, पण वाहकाच्या डोक्याला दोन नवे ताप झाले: सुटे पैसे आणि आधार कार्ड. “घरी ऱ्हायलंय वो कार्ड, माझ्याकडं बघून कळंना व्हय?” असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला तिकीट लावताना जीव तुटतो, पण लावावंच लागतं. पाच वर्षं केव्हाच झालेल्या पोराला आई चार वर्षांचं सांगते आणि पोरगं मध्येच म्हणतं, मी दुसरीत हाय. गाडीत हशा होतो, बाई माझ्यावर डोळे काढते. अशा वेळी गळ्यातली माळ सगळ्यांना हटकून दिसते. “माळकरी हाईसा न् लेकराचं तिकीट घेताय?” पहिल्यांदा मी गप्प बसायचे. आता सांगते, दया दाखवायची तर माझ्या पैशानं दाखवीन, महामंडळाच्या पैशानं कशी दाखवू? एकदोनदा खरोखर माझ्या पैशानं दाखवली, पोरांची आई अडचणीत दिसली म्हणून. रोज परवडत नाही.

सुट्या पैशांचं तसंच. राहिलेले पैसे तिकिटामागं लिहून द्यायचे आणि उतरताना परत करायचे, ही आमची जुनी पद्धत. लोक विसरून उतरतात. कोण विसरलंय हे वाहकाला नेमकं माहीत असतं, कारण तिनंच लिहिलेलं असतं. तेव्हा थांब्यावर खिडकीतून हाका मारायच्या की पुढची घंटी द्यायची, हा निर्णय दिवसातून कितीदा तरी करावा लागतो. उशीर झालेला असतो, चालक आरशातून बघत असतो. एकादशीचा उपास त्यापुढं सोपा वाटतो, खरं सांगते. साबुदाणा खाऊन दिवस निघतो. पाच रुपयांसाठी दहा पावलं पळत जाऊन माणूस गाठायचं, तेही कुणी शाबासकी देणार नसताना, हे अवघड. मी प्रत्येक वेळी पळते असं नाही, पण माळ घातल्यापासून हाक मारल्याशिवाय घंटी देत नाही. एवढं तरी जमलंय.

राग हे माझं सगळ्यात दुखरं ठिकाण. दाराशी लोंबकळणाऱ्या पोरांवर ओरडावंच लागतं, ते माळेला चालत असणार असं मी धरून चालते.

आषाढीला आगारातून जादा गाड्या सुटतात. मिरज, कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, पंढरपूर. भजन म्हणणारी गाडी असते, तिकिटं काढता काढता मीही म्हणते. पण तिथं उतरून दर्शन व्हायचं नाही, गाडी रिकामी झाली की परत भरायची. ज्या बुवांच्या हातून पहिल्यांदा माळ गळ्यात घातली त्यांनी वारी चुकवू नको सांगितलेलं, म्हणून मनाला लागून राहायचं. आजोबांना हे बोलून गेले. सुई थांबवली नाही त्यांनी. “अरणचे सावता महाराज मळ्यातनं हलले न्हाईत. तुम्ही तर स्टँडापत्तोर जाताय,” म्हणाले आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, कुठला घालू ते विचारलं. पुढं प्रवचन नाही. पेठेत माळ घेताना फुकट उपदेश बराच मिळतो, इथं मिळत नाही, म्हणून दुकानाला मार्क देताना एक तारा माझ्याकडून जादा.

एक तारा मात्र कापलाय. बसायला जागा नाही, उभं राहून पाय भरून येतात. जुन्या माळेत नवे मणी घालून दिले ते फिके दिसतात; वापरून रंग चढेल म्हणाले, माझा अजून चढतोय. मोबाईलवरून पैसे घेत नाहीत, सुटेच लागतात. म्हणजे सुट्यांचं दुखणं तिथंही सुटत नाही. दशमी ते द्वादशी दुकान बंद, कारण आजोबा स्वतः पंढरपुरात असतात, आणि बहुतेकांना नव्या माळेची आठवण नेमकी तेव्हाच होते.

जायचंच तर सकाळी जा. संध्याकाळी त्यांचा मुलगा बसतो. बोलायला गोड आहे, पण त्याची गाठ ढिली असते. एक बोट घालून ओढून बघा, आणि सरकली तर लाज न बाळगता परत मारायला लावा.