केनिया की नायजेरिया? आफ्रिकेत पहिला कंटेनर पाठवण्याआधी

वसईत पाऊच पॅकिंगची मशीन बनवणारा, भाईंदरमधला स्टीलच्या भांड्यांचा कारखानदार, तारापूरला गोळ्या-सिरप काढणारा. दुबई-मस्कतपर्यंत माल जाऊ लागला की या तिघांसमोर पुढचं नाव येतं ते आफ्रिकेचं, आणि न्हावाशेवाहून आफ्रिका म्हणजे बहुतेकदा केनियाचं मोंबासा किंवा नायजेरियाचं लागोस. केनियाची लोकसंख्या २०१९ च्या जनगणनेत सुमारे ४ कोटी ७५ लाख भरली. नायजेरिया २० कोटींच्या पुढे आहे. एवढ्यावर निर्णय घेणारे नायजेरिया निवडतात आणि त्यातले बरेच जण पहिल्या उधारीत अडकतात. लोकसंख्येचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी हे बघा की तिथे विकलेल्या मालाचे डॉलर मुंबईच्या खात्यात कोणत्या कागदावर येणार आणि किती दिवसांत.

पैसे परत यायची वाट

केनियाने विनिमय नियंत्रणाचा कायदा १९९५ मध्येच रद्द केला. तिथला आयातदार बँकेत जाऊन डॉलर घेतो आणि पाठवतो. अडचण येतच नाही असं नाही. २०२३ मध्ये तिथल्या बँका डॉलर मोजून-मापून देत होत्या आणि जानेवारी २०२४ पर्यंत डॉलर १६० शिलिंगांच्या आसपास गेला. नंतर तो १३० च्या खाली-वर स्थिरावला. त्या काळात पैसे उशिरा आले, तरी ते येण्याची वाट बंद झाली नव्हती.

नायजेरियात जून २०२३ मध्ये विनिमयाच्या वेगवेगळ्या खिडक्या (प्रत्येकीचा डॉलरचा दर वेगळा) एक करण्यात आल्या. तेव्हा डॉलर सुमारे ४७० नायराला होता, २०२४ मध्ये तो १,५०० च्या वर गेला. तुमच्या लागोसच्या पार्टीने लांबच्या उधारीवर १०,००० डॉलरचा माल उचलला असेल आणि ४७ लाख नायरा देणं धरून तो विकूनही टाकला असेल, तर पैसे भरायच्या दिवशी तिला दीड कोटी नायरा लागणार. माणूस सचोटीचा असला तरी एवढे आणणार कुठून? म्हणून नायजेरियात उधारी देताना पार्टीच्या नावलौकिकाबरोबर चलन कोसळलं तर तिचं काय होईल याचाही हिशोब करावा लागतो.

यातला एक बारकावा इकडच्या निर्यातदारांना सहसा कोणी सांगत नाही. नायजेरियात आयातीआधी बँकेतून ‘फॉर्म एम’ काढावा लागतो आणि तो दोन प्रकारचा असतो: परकीय चलनासाठी ग्राह्य आणि अग्राह्य. पार्टीने अग्राह्य फॉर्म काढला असेल तर बँक तिला अधिकृत दराने डॉलर विकणार नाही, ती स्वतःच्या डॉलरमधून किंवा बाहेरून पैसे उभे करणार. माल लोड करण्याआधी फॉर्मची प्रत मागा आणि प्रकार तपासा. अग्राह्य असेल तर पूर्ण ॲडव्हान्स घ्या. एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पार्टीच्या बँकेची पैसे देण्याची हमी) घेणार असाल तर ती युरोपातल्या एखाद्या बँकेने कन्फर्म केलेलीच, म्हणजे स्वतःची हमी जोडलेलीच घ्या. खर्च वाढतो, तो किमतीत धरा.

बंदर आणि कागद

न्हावाशेवा ते मोंबासा साधारण दोन आठवडे. लागोसला आफ्रिकेला वळसा घालून किंवा मधे जहाज बदलून जायचं, म्हणजे पाच-सहा आठवडे धरावेत. त्यात क्लिअरिंग आणि उधारी मिळवली तर मोंबासाचं चक्र ९० दिवसांच्या आसपास बसतं, लागोसचं १५० च्या. महिन्याला ४० लाखांचा एक कंटेनर पाठवायचा म्हटलं तर केनियात कोणत्याही क्षणी सव्वा कोटीच्या घरात रक्कम बाहेर असते, नायजेरियात दोन कोटी. बँकेची लिमिट वाढवून घेण्याची तयारी नसेल तर हाच आकडा निर्णय करून टाकतो.

केनियासाठी माल निघण्याआधी तपासणी करून अनुरूपता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. केनियाच्या मानक संस्थेने नेमलेल्या एजन्सी हे काम भारतातच करतात. घोळ होतो तो किरकोळ वाटणाऱ्या ठिकाणी: इनव्हॉइसवर एक एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक), आयात घोषणेवर दुसरा, प्रमाणपत्रावर तिसरंच वर्णन. मग कंटेनर यार्डात उभा राहतो आणि डेमरेज, डिटेंशन (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त अडकवल्याचे आकार) दोन्ही चढायला लागतात. उपाय साधा आहे. मोंबासाच्या क्लिअरिंग एजंटकडून कोड लेखी मागवायचा आणि तोच सगळीकडे टाकायचा.

करांचं गणितही कोट देण्याआधी करा. पूर्व आफ्रिकी समुदायाच्या सामाईक दरपत्रकात ०, १०, २५ आणि (२०२२ पासून) ३५ टक्के असे टप्पे आहेत. त्यावर केनियात आयात घोषणा शुल्क अडीच टक्के, रेल्वे विकास अधिभार दोन टक्के आणि व्हॅट १६ टक्के. तुमची भांडी २५ मध्ये बसतात की ३५ मध्ये, यावर सगळा नफा ठरतो. शिवाय हे दर जूनच्या अर्थविधेयकात हलतात. २०२४ चं विधेयक रस्त्यावरच्या आंदोलनानंतर मागे घ्यावं लागलं, तरी रेल्वे अधिभार त्याच वर्षअखेरीस दीडवरून दोन टक्के झालाच. कोटेशनवर ‘३० जूनपर्यंत वैध’ असं लिहिणं बरं.

नायजेरियात कागद जास्त आणि क्रम कडक. आधी सॉनकॅपचं (तिथल्या मानक संस्थेची अनुरूपता तपासणी) उत्पादन प्रमाणपत्र, त्यावर फॉर्म एम, मग शिपमेंट, मग त्या खेपेचं सॉनकॅप प्रमाणपत्र आणि कस्टमचा आगमनपूर्व मूल्यांकन अहवाल. फॉर्म एम नोंद व्हायच्या आधीची तारीख बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती) पडली तर दंड ठरलेला. खाद्यपदार्थ, औषधं, सौंदर्यप्रसाधनं यांना नॅफडॅकची (तिथली अन्न-औषध नियंत्रण संस्था) नोंदणी वेगळी. त्यातही भारतातून जाणाऱ्या अशा मालाला इथेच नमुने तपासून तपासणी-विश्लेषण अहवाल घ्यावा लागतो. लागोसच्या जुन्या अपापा बंदराची कोंडी प्रसिद्ध आहे. २०२३ पासून लेक्कीचं खोल पाण्याचं बंदर सुरू झालंय, तिथे उतरवण्याचा भाव आवर्जून विचारा.

तुमचा माल कोणता

इथे तारापूरवाला आणि वसईवाला यांची उत्तरं उलटी येतात. नायजेरियाच्या आयातबंदीच्या यादीत पॅरासिटामॉल आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या-सिरप, साधी मल्टिव्हिटॅमिन, शिरेतून द्यायची सलाइन, किरकोळ पॅकमधला साबण-डिटर्जंट, बॉलपेन आणि कोरूगेटेड खोकी आहेत. तारापूरच्या कारखान्याची निम्मी उत्पादनं त्यात जाऊ शकतात. पण याच बंदीमुळे तिथे स्थानिक कारखाने उभे राहिले, आणि त्यांना मशीन लागतं, कच्चा माल लागतो, सुटे भाग लागतात. पॅकिंग मशीनवाल्यासाठी नायजेरिया केनियापेक्षा नक्कीच मोठा गिऱ्हाईक आहे. वीज दोन्हीकडे आपल्यासारखीच ५० हर्ट्‌झची, त्यामुळे मोटर बदलावी लागत नाही. नायजेरियात मात्र जनरेटरवर चालणार हे धरून पॅनेलमध्ये चांगला स्टॅबिलायझर द्या आणि दोन वर्षांचे सुटे भाग मशीनच्याच कंटेनरमध्ये भरा. नंतर एका सेन्सरसाठी पुन्हा सगळी कागदपत्रं करणं गिऱ्हाइकाला परवडत नाही, मशीन धूळ खातं आणि नाव तुमचं खराब होतं.

औषधवाल्याने केनियाने सुरुवात करावी. फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाच्या नोंदणीला वर्षभर तरी धरून चालावं, पण बंदीची भिंत नाही. भांडीवाल्यालाही केनियाच सोपा: नैरोबीत गुजराती व्यापारी पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना मालाचा गेज (पत्र्याची जाडी) हाताने कळतो. फक्त ‘केनियात घुसलो की युगांडा-रवांडा फुकट’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. समुदायातली शुल्कमुक्ती तिथे बनलेल्या मालाला आहे, भारतातून आणलेल्या मालाला नाही.

डिस्ट्रिब्युटर की स्वतःची कंपनी

पहिली दोन वर्षं डिस्ट्रिब्युटर, दोन्ही देशांत. अट एकच: ट्रेडमार्क आधी स्वतःच्या नावावर. केनिया माद्रिद व्यवस्थेत (एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याची सोय) आहे, त्यामुळे मुंबईतूनच अर्ज जातो. नायजेरियासाठी तिथल्या वकिलामार्फत वेगळा अर्ज लागतो. हे टाळलं की डिस्ट्रिब्युटर ब्रँड स्वतःच्या नावावर करून घेतो आणि मग त्याला बदलणं जवळजवळ अशक्य होतं. नॅफडॅकची नोंदणीही स्थानिक प्रतिनिधीमार्फत होते, म्हणून मुखत्यारपत्रात मुदत आणि रद्द करण्याचा हक्क दोन्ही घाला.

स्वतःची कंपनी काढायची झाल्यास केनियात शंभर टक्के परकीय मालकी चालते आणि भांडवलाची सक्ती जाचक नाही. नायजेरियात परदेशी कंपनीला नुसती शाखा उघडून धंदा करता येत नाही, तिथे स्वतंत्र कंपनी नोंदवावीच लागते, आणि परकीय हिस्सा असेल तर भागभांडवल १० कोटी नायरा (१,५०० च्या दराने साधारण ६६,००० डॉलर). हे पैसे पाठवताच तिथल्या बँकेकडून भांडवल आयात प्रमाणपत्र घ्या, नियमाप्रमाणे ते २४ तासांत मिळायला हवं. ते नसेल तर पुढे लाभांश किंवा भांडवल अधिकृत मार्गाने बाहेर काढता येत नाही. केनियाशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, नायजेरियाशी तसा सर्वंकष करार नाही.

इकडची बाजू थोडक्यात. परदेशात भांडवल घालताना २०२२ च्या नियमांनुसार बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून युनिक क्रमांक घ्यायचा, मग दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्यायचा. निर्यातीचे पैसे आणण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ वरून १५ महिने केली. नायजेरियावाल्यांना हा मोठाच दिलासा. ईसीजीसीची (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसी घेतल्याशिवाय उधारी देऊ नका, आणि चलनाच्या अडचणीमुळे रखडलेलं देणं तिच्यात धरलं आहे का, हे अंधेरीच्या कार्यालयात समोर बसून विचारा.

पहिली फेरी केनियाची करा. ई-प्रवास परवाना ऑनलाइन मिळतो, मुंबई-नैरोबी थेट विमान आहे, पीतज्वराची लस मात्र निघण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर परतताना मुंबईत अडवतील. तिथे गेल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात चहा पिण्याआधी घाऊक बाजारातल्या दुकानांत त्याचा माल शोधा, पॅकवरची तारीख बघा, आणि क्लिअरिंग एजंटकडे त्याच्या मागच्या तीन खेपांची बिलं मागा.