करंट गेलेली पेट्रोल जीप आणि गोडोलीचे मिस्त्री

आमच्याकडे वडिलांच्या वेळची पेट्रोल सीजे-३बी जीप आहे. विलीजच्या घराण्यातलं हरिकेन इंजिन, पॉइंट-कंडेन्सरवालं (पॉइंट नावाचा छोटा स्विच उघडला की कॉईल ठिणगीचा करंट सोडते), १२ व्होल्टचं. जुलैत साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात भर पावसात बंद पडली. कितीही सेल मारला तरी प्लगला करंट येईना. शेवटी टोचन करून खाली आणली.

पहिल्या गॅरेजचं नाव घेत नाही. त्यांनी कॉईलला हात लावला, चटका बसला, आणि "कॉईल गेली" म्हणून मोकळे झाले. नवी कॉईल, चार प्लग, वायरींचा सेट असे २,८०० रुपये गेले आणि करंट नाहीच. मग म्हणाले, आता डिस्ट्रिब्युटरच (पॉइंट ज्यात बसतात आणि जो प्लगांना करंट वाटतो तो) बदलू. तिथे मी गाडी उचलली.

साताऱ्यातल्या गोडोलीच्या या मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे, बसायला बाकडंही नाही. त्यांनी पाना हातात घेण्याआधी नव्या कॉईलला हात लावला. तीही तापलेली. "नवी पण तापते म्हणजे कॉईलचा दोष नाही. पॉइंट उघडला तरी करंट कुठंतरी अर्थ होतोय, बॉडीला लागतोय," म्हणाले.

मग टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे एक टोक बॉडीला लावलेला तपासायचा दिवा. कॉईलच्या पॉइंटकडच्या टोकाला लावून मला सेल मारायला सांगितला. दिवा मिचमिचायला हवा होता, तो पेटलाच नाही. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर सोडली, दिवा लख्ख. वायर परत जोडली, पॉइंट उघडे राहावेत म्हणून मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घातला, तरी दिवा बंद. कंडेन्सर सोडला, तरी बंद. मग डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलचा नट काढला आणि बोटाच्या पेरावर ठेवून मला दाखवलं: फायबरचा वायसर, तेलानं काळा पडून दोन तुकडे झालेला. त्यामुळे बोल्ट बॉडीला टेकत होता. सगळं दुखणं एवढंच!

फायबरच्या पत्र्यातून नवा वायसर त्यांनी तिथेच कापला. पॉइंट पॉलिश पेपरनं घासून पेट्रोलनं पुसले, फिलर गेजनं गॅप बरोब्बर २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ठेवला. कॉईलची जाड वायर पकडीनं ब्लॉकजवळ धरून पॉइंट उडवला, तशी टक्कन निळी ठिणगी पडली. त्या 'टक्' आवाजानं माझे डोळे भरून आले, खरंच सांगतो.

तरी सेल मारल्यावर सायलेन्सर फटाफट फुटायला लागला. मिस्त्रींनी एकदा प्लगच्या वायरींकडे पाहिलं. पहिल्या गॅरेजनं दोन वायरी उलट्या घातल्या होत्या. फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ लावून घेतली आणि गाडी पहिल्या अर्ध्या सेलला बोलली.

मजुरी ३५० रुपये. मी ५०० देत होतो, त्यांनी घेतले नाहीत.

त्रासाचं म्हणाल तर ते एका वेळी एकच गाडी घेतात, घाई केलेली त्यांना चालत नाही. माझा अख्खा दिवस गेला. पक्कं बिलही मिळत नाही. ज्यांना सकाळी टाकून दुपारी न्यायची आहे त्यांनी जाऊ नये. पण जुनी पेट्रोल जीप असेल आणि कुणी न तपासता पार्ट बदला म्हणत असेल, तर आधी इथे दाखवा. सकाळी लवकर गेलात तर नंबर लागतो.

निघताना त्यांनी माझी जुनी, 'गेलेली' कॉईल मागून घेतली, जोडून बघितली. तिचाही करंट तसाच निळा. "ही टाकू नका, गाडीतच ठेवा," म्हणाले. सीटखालच्या खणात ठेवली आहे.