'नव्या' बोर्डावरची जुनी लाल खूण

थंडीत पुण्यातल्या पाषाणला पहाटेचा पारा बरेचदा दहा अंशांच्या आसपास उतरतो. आईच्या संधिवातामुळे आम्ही तिच्या खोलीत गरम आणि थंड दोन्ही हवा देणारा एसी बसवला आहे. गेल्या जानेवारीत हीट मोडवर त्याचा आतला पंखाच फिरेनासा झाला.

हीट मोडमध्ये हा पंखा मुळातच लगेच सुरू होत नाही. अंगावर गार वारा येऊ नये म्हणून कॉईल, म्हणजे हवा तापवणाऱ्या नळ्यांची जाळी, तापेपर्यंत तो थांबवून ठेवलेला असतो. कॉईल तापल्याचे बोर्डाला, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला, कळवतो तो तिच्या नळीवर क्लिपने अडकवलेला, पेन्सिलीच्या टोकाएवढा सेन्सर. तो निसटला की त्याला कॉईलऐवजी आसपासच्या हवेचे तापमान कळते आणि पंखा अडून राहतो. हे सारे मला नंतर समजले.

इंटरनेटवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर मी फोन केला. वॉरंटी कार्डावरचा क्रमांक कपाटातच राहिला. आलेल्या गृहस्थाने मल्टिमीटर बाहेरही न काढता "काका, बोर्ड गेलंय" असे सांगितले. कूल आणि नुसत्या फॅन मोडवर पंखा व्यवस्थित फिरतो, म्हणजे मोटर आणि तिला चालवणारा बोर्डाचा भाग शाबूत असणार, हे मी बोलून दाखवले. त्यावर "हीटचं सर्किट वेगळं असतं" एवढेच उत्तर मिळाले आणि मी गप्प बसलो. नव्या बोर्डात आमच्या मॉडेलचा प्रोग्राम भरायचा आहे, असे सांगून तो जुना बोर्ड घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने बोर्ड बसवला, पंखा फिरवून दाखवला आणि 7,200 रुपये स्वतःच्या यूपीआयवर घेतले. बिल व्हॉट्सॲपवर येणार होते.

सतरा दिवसांनी पंखा पुन्हा अडला, तेव्हा तो क्रमांक बंद होता. शेजाऱ्यांच्या ओळखीच्या सुतारवाडीतल्या मेकॅनिकने पॅनेल उघडताच लोंबकळणारा सेन्सर दाखवला. त्याने तो मल्टिमीटरला जोडला. विद्युतरोधाचा बारा-तेरा हजार ओहमचा आकडा सेन्सर मुठीत धरताच उबेने भराभर उतरू लागला, म्हणजे सेन्सर चांगला होता, फक्त क्लिप तुटली होती. पहिल्या माणसाने तो हाताने जागेवर ढकलला असावा, म्हणून काही दिवस सुरळीत गेले.

मग त्याने बोर्ड बाहेर काढला. तीन वर्षांपूर्वी पाल शिरून तिथे शॉर्ट झाले होते, तेव्हाचा तपकिरी डाग आणि दुरुस्त करणाऱ्याने मार्करने केलेली लाल खूण टर्मिनलशेजारी जशीच्या तशी होती. बोर्ड बदललाच नव्हता. ब्रशने धूळ तेवढी झाडली होती. नव्या क्लिपसह दुरुस्तीचे 450 रुपये झाले. आता कोणताही भाग घराबाहेर जाण्याआधी मी त्याच्या लेबलाचा फोटो काढतो.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे 1930 वर, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली. 1915 वर पहिली विचारणा बिलाची झाली, आणि माझ्याकडे ते नव्हते.