सॅल्मन वाचवायचा तर पैसा आधी कुठे: हॅचरीत की नदी मोकळी करण्यात?

अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन, ओरेगन किंवा आयडाहो राज्यातल्या एखाद्या नदीखोऱ्याचा सॅल्मन संवर्धन कार्यक्रम तुमच्याकडे आला, की पहिल्याच बैठकीत हा प्रश्न समोर येतो. हाताशी असलेला पैसा मत्स्यबीज केंद्रात, म्हणजे हॅचरीत घालायचा, की माशाच्या वाटेतले अडथळे काढायला वापरायचा? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, हे आधीच सांगतो. पण हॅचरीवाचून भागतच नाही अशाही जागा आहेत.

आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांत शिरतात, तसाच सॅल्मन अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतो. फक्त त्याचं अंतर शेकडो मैलांचं असतं. काही वर्षं समुद्रात वाढून तो वासाच्या आधारे आपल्याच जन्माच्या ओढ्याकडे परततो आणि, बहुतेक जातींत, अंडी घालून मरतो. त्यामुळे वाटेत न ओलांडता येणारी भिंत उभी राहिली, की वरच्या ओढ्यातली समुद्रात जाऊन येणारी पिढी तिथेच खुंटते.

हॅचरीचा मार्ग जुना आहे. कोलंबिया नदीवरचं बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी मिचेल कायदा आला. पुढे त्याच कायद्याच्या पैशातून खोऱ्यात हॅचऱ्या उभ्या राहिल्या. हिशेब असा, की धरणाने नेलेला मासा हॅचरी भरून देईल. आज कोलंबियात परतणारे बहुसंख्य सॅल्मन हॅचरीत जन्मलेले आहेत. अंड्यापासून पिल्लापर्यंतची जगण्याची शक्यता तिथे नदीपेक्षा कितीतरी जास्त असते, निकाल तीन-चार वर्षांत दिसतो आणि मासेमारी चालू राहते.

पण टाकीत वाढलेल्या माशावर निवड टाकीचीच चालते. तिथे शिकारी नाही, खाद्य वरून पडतं, जोडीदार माणूस ठरवतो. सॅल्मनचाच जवळचा नातलग असलेल्या स्टीलहेडवर ओरेगनच्या हूड नदीत झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त पैदाशीच्या दर पिढीमागे, नदीत सोडल्यावर प्रजननाची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. असे मासे रानटी माशांत मिसळत राहिले तर रानटी वाणही कमकुवत होतो. लोणावळ्याजवळ वळवणला महसीरचं बीज अनेक दशकं तयार होत आलं आहे. आपल्या नद्यांत बीज सोडणाऱ्यांनीही ही बाजू डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

तरीही ‘हॅचऱ्या बंद करा’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. १९७४ च्या बोल्ट निकालाने वॉशिंग्टनमधल्या करारबद्ध आदिवासी जमातींचा पकडण्याजोग्या माशांच्या निम्म्या वाट्यावरचा हक्क मान्य केला. कित्येक नद्यांत आज तो वाटा हॅचरीच्या माशातूनच भरतो. नदी सुधारण्याआधी हॅचरीला कुलूप लावलं, तर ज्यांनी धरणं मागितली नव्हती त्यांच्याच ताटातला मासा जाईल.

हॅचरीचं सर्वांत मोठं काम आयडाहोच्या रेडफिश सरोवरात दिसतं. समुद्रापासून सुमारे ९०० मैल, जवळजवळ २,००० मीटर उंची आणि वाटेत आठ मोठी धरणं. १९९१ ते १९९८ या काळात इथे फक्त १६ रानटी सॉकआय (सॅल्मनची एक जात) परतले, १९९२ मध्ये तर एकच नर. त्यांना बंदिस्त पैदाशीत घेतलं नसतं तर हा वाण संपला असता. पुढे २०१४ मध्ये दीड हजारांवर मासे परतले. पण २०१५ च्या उन्हाळ्यात नदीचं पाणी तापलं आणि बहुतेक सॉकआय वाटेतच मेले. वाण जिवंत राहिला, वाट मात्र तशीच राहिली.

आता एल्वा नदी पाहा. वॉशिंग्टनमधल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावरच्या या नदीत १९१३ आणि १९२७ ची दोन धरणं होती आणि माशाला चढायची सोय एकातही नव्हती. १९९२ मध्ये कायदा झाला, पाडकाम २०११ ला सुरू झालं आणि २०१४ ला संपलं. गाळ, पाणीपुरवठा आणि बाकी कामं धरून खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर. म्हणजे कायद्यापासून मोकळ्या नदीपर्यंत बावीस वर्षं. तुमची नेमणूक पाच वर्षांची असेल तर हे आधीच समजून घ्या. गाळ वाहत असताना वाण टिकवायला इथेही हॅचरी लागली. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते उन्हाळी स्टीलहेडचं परतणं: धरणांमागे अडकून राहिलेल्या ट्राउटमधून हा समुद्रात जाणारा मासा पुन्हा उभा राहिला, कुणी बीज न सोडता. २०२३ मध्ये लोअर एल्वा क्लालम जमातीने मोकळ्या नदीत पुन्हा कोहो जातीचा सॅल्मन पकडला.

ओरेगनमधून कॅलिफोर्नियात वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत निघाली आणि त्याच शरद ऋतूत चिनूक जातीचे सॅल्मन ओरेगनपर्यंत चढले. तिथल्या योजनेत धरणं गेल्यानंतर हॅचरी आठ वर्षं चालवायची, असं आधीच ठरवलेलं आहे. अशी मुदत मला प्रत्येक हॅचरीच्या परवान्यात हवी.

धरण पाडणं बहुतेकांच्या हातात नसतं, रस्त्याखालची मोरी मात्र असते. अरुंद किंवा पाण्यापासून उंच लटकणाऱ्या मोरीतून मासा चढू शकत नाही. वॉशिंग्टन राज्याला अशा मोऱ्या बदलायला लावणारा आदेश २०१३ मध्ये निघाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशा समान मतांमुळे तो कायम राहिला. अडचण अशी, की राज्याने आपली मोरी बदलली तरी तिच्या खालची काउंटीची किंवा खासगी मोरी तशीच राहू शकते. मग वरचा खर्च फुकट जातो.

दोन्ही मार्गांत मोजणी वेगवेगळी ठेवा. हॅचरीच्या पिल्लांचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर परतताना रानटी मासा ओळखता येतो. एकूण आकडा फुगला आणि रानटी आकडा घसरला, तर तो कार्यक्रम हरतो आहे.

रानटी मासे बोटांवर मोजण्याइतके उरले असतील तर हॅचरी आजच सुरू करा, मुदत लिहून. तसं नसेल तर पहिल्या वर्षाचा पैसा मुखापासून उगमापर्यंतच्या पाहणीला द्या: प्रत्येक मोरी, तिचा मालक आणि ऑगस्टमधलं पाण्याचं तापमान. मग काम खालून वर न्या.