वीर चक्राची फ्रेम: मंगळवार पेठेतलं काम

१९७१ च्या लढाईतल्या एका वीर चक्रधारक जवानाची सहा मेडलं मंगळवार पेठेतल्या एका फ्रेमवाल्यांकडे बसवून घेतली. हात सफाईदार आहे, पण मेडलं कशी वाचायची हे त्यांना आधी सांगावं लागतं.

बघणाऱ्याच्या डावीकडून क्रम असा: वीर चक्र (शौर्यासाठी), पश्चिमी स्टार (१९७१ च्या पश्चिम आघाडीसाठी), संग्राम मेडल (त्याच लढाईच्या काळातल्या सेवेसाठी), स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, वीस वर्षांच्या सेवेचं, नऊ वर्षांच्या सेवेचं. माणूस पश्चिम आघाडीवर होता, तिथे शौर्य गाजवलं आणि त्याने वीस वर्षं तरी वर्दी घातली, हे एका ओळीत कळतं. क्रम चुकला की ही ओळ वाचताच येत नाही. वीर चक्राची रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. निळा भाग बघणाऱ्याच्या डावीकडे हवा. इथे पहिल्यांदा ती उलटी लागली होती. दाखवल्यावर कुरकुर न करता उसवून परत शिवून दिली.

आवडलं ते हे, की गोंद कुठेच नाही. प्रत्येक रिबनच्या वरच्या कडेला सुती दोऱ्याचे टाके आहेत. ग्लू गनने चिकटवलेलं मेडल काढताना रिबन फाटते, शिवाय मेडलच्या काठावरचा जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव वाचायला ते कधी उलटवता येत नाही. तोच काठ ब्रासोने घासला तर अक्षरं झिजतात. मऊ कोरडं कापड पुरे.

बॉक्सची खोली दीड इंच सांगा. वीर चक्राचा मधला भाग फुगीर असतो, आणि काच टेकली की आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात रिबनला बुरशी धरते. मागे लोकरी फेल्ट लावायला निघाले होते, ते थांबवलं: वीर चक्र चांदीचं, आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. सुती कापड घ्या. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको, अ‍ॅसिड-फ्री बोर्ड मागा. तो त्यांच्याकडे नव्हता, बाहेरून आणून द्यावा लागला.

सायटेशनची (शौर्याचं वर्णन असलेल्या सन्मानपत्राची) झेरॉक्सच फ्रेममध्ये घाला, मूळ कागद फाइलमध्ये ठेवा, कारण उन्हाने शाई उडते. पाठीला खिळ्यांऐवजी स्क्रू मारून घ्या, म्हणजे दर पावसाळ्यानंतर फ्रेम उघडून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी बदलता येते.