‘सॅटेलाइट ट्रॅकर’ घेताना झालेली माझी फसवणूक

गेल्या वर्षी आम्हा दादरच्या सहा जणांचे झंस्कारला पायी जायचे ठरले, तेव्हा घरच्यांची एकच अट होती: रोज संध्याकाळी निदान ‘सुखरूप आहोत’ एवढे तरी कळले पाहिजे. तिकडच्या आतल्या खोऱ्यांत दिवसच्या दिवस मोबाइलला रेंज नसते आणि इतर राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालतच नाहीत, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे एखादे छोटे यंत्र घ्यावे असा विचार करून मी एप्रिलमध्ये लॅमिंग्टन रोडवर चौकशी सुरू केली आणि तिथल्याच एका गाळ्यात १९,६०० रुपयांना फसलो.

दुकानदाराने काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, नारिंगी रंगाचे यंत्र काउंटरवर ठेवले. “साहेब, ह्याला सिमच लागत नाही, डायरेक्ट सॅटेलाइट!” असे म्हणून त्याने मला बाहेर फुटपाथवर नेले, लाल बटण तीन सेकंद दाबायला लावले, आणि दहा-बारा सेकंदांत माझ्या फोनवर नकाशासह संकटाचा संदेश आला. टाचणी त्याच्या दुकानावरच होती. यंत्राचे १४,८०० आणि ‘सॅटेलाइटचे वर्षाचे भाडे’ म्हणून ४,८०० रुपये मी तिथल्या तिथे दिले. चोवीस तास चालू असणाऱ्या ‘कंट्रोल रूम’चा क्रमांक छापलेले एक कार्डही मिळाले. ज्या रस्त्यावर प्रत्येक कंपनीची रेंज भरभरून मिळते, तिथे घेतलेल्या चाचणीला काय अर्थ, हा साधा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

मे महिन्यात सराव म्हणून आम्ही सांदण दरीत गेलो. साम्रदहून उतरायला लागल्यावर त्या घळीत आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, त्यामुळे तिथे खरे उपग्रह यंत्रही अडखळले असते. उगाच दोष द्यायला नको म्हणून घळ संपून मोकळ्या कातळावर येईपर्यंत मी थांबलो. कोणाच्याही फोनला रेंज नव्हती. दुपारी १२:४० ला पहिल्यांदा बटण दाबले आणि पुढच्या तासाभरात आणखी पाच वेळा. यंत्रावरचा हिरवा दिवा दर वेळी समाधानाने लुकलुकला. संध्याकाळी डेहण्याहून निघालेली आमची जीप आसनगावच्या वाटेला लागली आणि सव्वापाचला पत्नीचा फोन आला, “अहो, काय झालंय? संकटात आहे म्हणून सहा मेसेज आलेत एकदम!” नकाशावरची टाचणी मात्र बिनचूक त्या कातळावर होती.

खरी गोम याच टाचणीत होती. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवत असतात आणि आपले यंत्र ते नुसते ऐकून स्वतःची जागा ठरवते. आकाशवाणी ऐकणाऱ्याला जसे रेडिओतून उलट बोलता येत नाही, तसे जीपीएसवरून कोणालाही काही कळवता येत नाही. जागा ठरवण्याचे काम उपग्रहामुळे झाले होते, पण ती घरी कळवण्याचे काम मोबाइलच्या टॉवरविना अडून बसले होते. दुकानदाराने म्हणूनच पूर्ण खोटे न बोलता निम्मे खरे सांगितले होते.

दुरुस्ती करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने ते उघडले, तेव्हा आत सर्किटच्या पट्टीलाच डाक लावून बसवलेले मोबाइलचे सिम निघाले. बॅटरीखालच्या चिकटपट्टीवर ८५०, ९००, १८०० आणि १९०० मेगाहर्ट्झ असे आकडे होते, म्हणजे सरळसरळ मोबाइलचे पट्टे. इरिडियम या उपग्रह फोन कंपनीच्या उपग्रहांशी बोलणारी यंत्रे १६१६ ते १६२६.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि जीव वाचवण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय आपत्ती बीकन, म्हणजे संकटाचा संकेत उपग्रहाकडे पाठवणारी यंत्रे, ४०६ मेगाहर्ट्झवर. या बीकनचा संकेत आपल्याकडे बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोहोचतो आणि तिथून बचाव यंत्रणेला कळवला जातो. माझ्या ‘कंट्रोल रूम’चा क्रमांक मी आसनगाव स्टेशनातून फिरवला, तर पलीकडे तोच दुकानदार होता. “लाइट गेली होती, साहेब,” म्हणाला.

मी यंत्र परत करायला गेलो, तेव्हा त्याने आवाज खाली आणून दुसरा सौदा पुढे केला: आणखी ३५,००० भरा, दुबईहून आलेला ‘ओरिजिनल’ पीस देतो. हे ऐकून मात्र मी सावध झालो, कारण तोवर माझे थोडे वाचन झाले होते. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असे संदेशयंत्र जवळ बाळगणे भारतात बेकायदा आहे आणि २६/११ च्या हल्लेखोरांकडे उपग्रह फोन सापडल्यापासून या बाबतीत कोणी सूट देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पर्यटकाला बॅगेतल्या अशाच खिशात मावणाऱ्या यंत्रामुळे पोलिसांनी ताब्यात घेतले होते. म्हणजे पहिल्या सौद्यात माझे पैसे गेले, दुसऱ्यात लेहच्या विमानतळावर मीच गेलो असतो. परवानगी घेऊन बीएसएनएलमार्फत इनमारसॅट या उपग्रह कंपनीचा फोन मिळवण्याचा मार्ग आहे, पण तो अर्ज आणि मंजुरीचा आहे. गाळ्यातून पिशवीत घालून कोणी जे देतो, ते एकतर उपग्रहाचे नसते किंवा कायद्याचे नसते. (आमच्यातल्या एकाचा भरवसा त्याच्या आयफोनवर होता, त्यातली उपग्रहावरून मदत मागण्याची सोय हे लिहीत असताना तरी भारतात सुरू नाही.)

पैसे परत मिळवताना माझी आणखी एक चूक उघडी पडली. ‘बिल’ म्हणून मिळालेल्या कागदावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि वस्तूचे नाव नुसते ‘ट्रॅकर, १ नग’ असे होते. सॅटेलाइट हा शब्द त्याने तोंडाने पन्नास वेळा उच्चारला आणि कागदावर एकदाही लिहिला नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयच्या पावत्या जोडल्या, आणि दीड महिन्याने ‘भाड्याचे’ ४,८०० तेवढे परत आले. यंत्राचे पैसे द्यायला त्याने नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की ट्रॅकर विकला आणि तो ट्रॅकरचे काम करतो आहे.

झंस्कारला आम्ही पोस्टपेड सिम घेऊन गेलो, रोजच्या मुक्कामाचा तक्ता घरी आणि पदुमच्या गेस्ट हाउसवाल्याकडे ठेवला, आणि आधीच बजावून सांगितले की चार दिवस फोन येणार नाही. नारिंगी यंत्र आता भाच्याच्या स्कूटरच्या सीटखाली आहे. अंधेरी स्टेशनाबाहेर त्याने ती कुठल्या रांगेत लावली आहे, हे ते मला अगदी बिनचूक सांगते.