पीई सिव्हिल दुसऱ्या खेपेला: हँडबुक, कोर्स आणि कॅल्क्युलेटर कित्येक महिने वापरल्यानंतर

अमेरिकेतली पीई सिव्हिल परीक्षा (सिव्हिल इंजिनिअरला व्यावसायिक परवान्यासाठी द्यावी लागणारी), जलसंपदा आणि पर्यावरण या शाखेतून, मी दुसऱ्या खेपेला पास झाले. पूर्णवेळ नोकरी चालू होती आणि घरी लहान मूल होतं, त्यामुळे अभ्यासाला मिळायची ती पहाट आणि शनिवार-रविवार. या काळात चार गोष्टी सतत वापरात होत्या: परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेचं सूत्रांचं हँडबुक, त्यांचीच प्रॅक्टिस एक्झाम, पैसे भरून घेतलेला एक रेकॉर्डेड कोर्स आणि टीआय-३६एक्स प्रो कॅल्क्युलेटर. परीक्षेतल्या प्रश्नांबद्दल इथे काही नाही. पेपर सुरू होण्याआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो आणि तो मला पाळायचा आहे. तयारीबद्दल मात्र मोकळेपणाने लिहिते.

आधी निष्कर्ष सांगते. या चारांत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फुकट मिळणाऱ्या हँडबुकचा. एनसीईईएसच्या मायएनसीईईएस या साइटवर खातं उघडलं की त्याची पीडीएफ उतरवून घेता येते. दुसऱ्यांदा बसणाऱ्याने नवीन पुस्तक किंवा नवा कोर्स शोधण्याआधी महिनाभर फक्त ही पीडीएफ आणि गणितं घेऊन बसावं, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण परीक्षेच्या स्वरूपात आहे. ऑक्टोबर २०२१ पर्यंत ही परीक्षा कागदावर व्हायची आणि आपली पुस्तकं आत नेता यायची. ऑफिसातले सीनियर सांगतात ते त्या काळाचं: चाकांच्या बॅगेत भरलेले बाइंडर, रंगीत टॅब, पानोपानी लिहिलेल्या टिपा. जानेवारी २०२२ पासून पीई सिव्हिल कॉम्प्युटरवर आली आणि आता पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा सेंटरवर कॅल्क्युलेटर सोडून स्वतःचं काही नेता येत नाही. कच्चं काम करायला पुसता येणारी वही आणि मार्कर तिथेच देतात. पडद्यावर एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला हँडबुक. स्ट्रक्चरल किंवा ट्रान्सपोर्टेशनवाल्यांना डिझाइन कोडही (रचनेचे मानक नियम) पडद्यावरच मिळतात आणि एका कोडचं एका वेळी एकच प्रकरण उघडून शोधता येतं. सीनियर मंडळींचा सल्ला मनापासूनचा असतो, पण साधनांच्या बाबतीत तो आता लागू पडत नाही. टॅब लावण्यात त्यांचे जे तास जायचे, ते आपण सर्च शिकण्यात घालवायचे.

आणि सर्च खरोखर शिकावा लागतो. तुम्ही टाकलेली अक्षरं तो जशीच्या तशी शोधतो, अर्थ कळून शोधत नाही. ‘हेड लॉस’ एक शब्द की दोन, मध्ये रेघ आहे की नाही, यावर काय सापडेल ते बदलतं. ‘फ्लो’ टाकलं तर इतकी ठिकाणं समोर येतात की त्यापेक्षा हाताने पानं उलटलेली बरी. माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे शास्त्रज्ञाचं आडनाव टाकणं. हेझन टाकलं की पाइपच्या घर्षणाचं सूत्र येतं, स्ट्रीटर टाकलं की नदीतल्या ऑक्सिजनच्या घटीचं. डार्सी टाकलं की दोन वेगळ्या जागा येतात, पाइपमधलं घर्षण आणि भूजलाचा प्रवाह, म्हणून पाइपसाठी वाइसबाख टाकायचं. प्रत्येक सूत्रासाठी असा एक शब्द ठरवून मी वहीच्या मागच्या पानांवर यादी वाढवत गेले. यादी सोबत नेता येत नाही, पण लिहिता लिहिता ती डोक्यात बसते. शेवटच्या आठवड्यांत बहुतेक वेळा सर्चचीही गरज पडेनाशी झाली. प्रकरणांचा क्रम पाठ झाला होता: आधी जनरल, मग कन्स्ट्रक्शन, जिओटेक, स्ट्रक्चरल, ट्रान्सपोर्टेशन आणि सहावं आपलं. थेट त्या भागात जाऊन दोन पानं खाली सरकलं की सूत्र समोर.

हँडबुकच्या उणिवाही सांगायला हव्यात. ते शिकवत नाही. सूत्र आहे, चिन्हांचे अर्थ आहेत, बहुतेक ठिकाणी एककं आहेत आणि बस. हे सूत्र कधी लावायचं आणि कधी नाही, याबद्दल फारसं काही मिळणार नाही. त्यासाठी कॉलेजचं पाठ्यपुस्तक किंवा कोर्स लागतोच. आलेख पडद्यावर वाचणं हा आणखी एक त्रास. गोल सांडपाणी-वाहिनी अर्धवट भरलेली असताना प्रवाह किती, हे ज्या आलेखावरून काढतात तो कागदावर पट्टी ठेवून वाचायची सवय असेल तर पडद्यावर सुरुवातीला चाचपडायला होतं. मी घरी मुद्दाम एकच मॉनिटर ठेवला, आलेख मोठा करून डोळ्यांनी रेघ पकडायचा सराव केला आणि छापील प्रत काढलीच नाही. छापील प्रतीवर अभ्यास करून पडद्यावर परीक्षा देणं म्हणजे विहिरीत पोहायला शिकून एकदम नदीत उतरण्यासारखं आहे.

आता दुसऱ्या खेपेचं खास साधन. नापास झालेल्याला एनसीईईएस विषयवार अहवाल देतं. त्यात प्रत्येक विषयाला किती प्रश्न होते, तुमची कामगिरी कशी होती आणि पास झालेल्यांची सरासरी कुठे होती, हे दिसतं. निकालाच्या दिवशी तो कागद बघवत नाही, पण दोन-चार दिवसांनी शांतपणे उघडा. बरेच जण त्यातला सगळ्यात खाली गेलेला विषय उचलतात आणि त्याच्याच मागे लागतात. मी वेगळा हिशोब केला: पास झालेल्यांच्या सरासरीपेक्षा मी किती मागे, त्याला त्या विषयातल्या प्रश्नसंख्येने गुणलं आणि त्या क्रमाने विषय लावले. भूजलात मी सगळ्यात मागे होते, पण प्रश्न थोडे होते. सांडपाणी आणि पाणी शुद्धीकरणात अंतर मध्यम, पण प्रश्न भरपूर. त्यामुळे अभ्यासाचा निम्म्याहून जास्त वेळ शुद्धीकरणाला गेला. हा कागद नसता तर मी पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सगळं वाचत बसले असते.

एककांबद्दल भारतात शिकून आलेल्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते. परीक्षेत एसआय आणि अमेरिकी अशा दोन्ही पद्धती आहेत, पण सरावाचा भर फूट-पाउंडावर ठेवा. पाइप किंवा चॅनलमधल्या प्रवाहाच्या मॅनिंगच्या सूत्रात आपल्या हाताला वर १ लिहायची सवय असते, फुटात तिथे १.४८६ येतो. २४ इंची पाइप, खडबडीतपणाचा गुणांक एन ०.०१३, उतार ०.४ टक्के, पूर्ण भरलेला: उत्तर सुमारे १४.३ घनफूट प्रतिसेकंद. १ धरला तर ९.६ येतं, आणि सरावाच्या प्रश्नांत ते ९.६ हमखास पर्यायांत हजर असतं. शुद्धीकरणात ८.३४ हा आकडा (दशलक्ष गॅलन आणि मिलिग्रॅम प्रतिलिटरवरून पाउंडात नेणारा) हाडात भिनायला हवा. दिवसाला २ दशलक्ष गॅलन सांडपाणी, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २०० मिलिग्रॅम: २ गुणिले २०० गुणिले ८.३४, म्हणजे दिवसाला ३,३३६ पाउंड. प्रवाह घनफूट प्रतिसेकंदात दिला असेल तर आधी १.५४७ ने भागायचं. घनमीटरमध्ये नेऊन पुन्हा पाउंडात आणलं तरी उत्तर बरोबरच येतं, पण ८ तासांत ८० प्रश्न म्हणजे सरासरी ६ मिनिटं आणि त्यातली दोन अशी जातात.

नोकरीचा फायदा होतो का, असं मला खूप जण विचारतात. होतो, पण आपोआप होत नाही. मी पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं काम करते. तिथे सगळं प्रवाहाचं मॉडेल करणाऱ्या हेक-रास आणि तसल्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, हाताने सूत्र मांडायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. मॉडेल बघून ‘हा आकडा पटत नाही’ हे कळायला लागतं, ती नोकरीची देणगी. पण परीक्षेत आकडा काढून दाखवावा लागतो. म्हणून मी ऑफिसात एक पद्धत सुरू केली: मॉडेल चालवलं की त्यातला एक पाइप किंवा एक कल्व्हर्ट (रस्त्याखालची मोरी) निवडायचा आणि हँडबुक उघडून हाताने तपासायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. तपासणीची नोंद फाइलला लावता येते, त्यामुळे वरिष्ठही खूश होते आणि माझा सराव कामाच्या वेळेतच होत होता. याहून चांगली कल्पना मला या सगळ्या महिन्यांत सुचली नाही.

वेळेचं म्हणाल तर रात्रीचा अभ्यास मला झेपला नाही. दिवसभर मॉडेल आणि मीटिंगा झाल्यावर गणित वाचलं जातं, सुटत नाही. पहाटे घर उठायच्या आत दोन-तीन गणितं, घड्याळ लावून, हे जमलं. सबमिटलच्या (काम सादर करण्याच्या) आठवड्यात तेही जमायचं नाही. त्या दिवसांत मी फक्त आधी चुकलेल्या गणितांची वही वाचायचे. त्या वहीत उत्तर लिहिलेलं नव्हतं, फक्त कुठे पाय घसरला ते एका ओळीत: एकक, चुकीचं सूत्र, प्रश्न नीट न वाचणं, की कॅल्क्युलेटरची कळ. महिन्याभराने पाहिलं तर सर्वाधिक ओळी ‘प्रश्न नीट न वाचणं’ याच्याच होत्या. तेव्हापासून शेवटचं वाक्य आधी वाचायची सवय लावून घेतली.

कोर्सबद्दल. नाव घेत नाही. शिक्षक चांगले होते आणि शुद्धीकरणाचे तास मला खरोखर उपयोगी पडले. पण एप्रिल २०२४ मध्ये परीक्षेची रूपरेषा बदलली. आधी सगळ्या सिव्हिलवाल्यांना अर्धा पेपर सामाईक असायचा, आता पूर्ण पेपर आपापल्या शाखेच्या रूपरेषेवर असतो. प्रोजेक्ट प्लॅनिंग, मृदा यांत्रिकी असे काही सामाईक वाटणारे विषय आमच्याही यादीत आहेत, पण तुळई आणि रस्त्यांची वळणं यांचे जे लांबलचक तास या कोर्समध्ये अजून तसेच पडून होते, त्यांची मला गरज नव्हती. शिवाय कोर्सची मुदत ठरावीक असते आणि कामाचा जोर वाढला की ती अशीच निघून जाते. कोर्स घ्यायचाच असेल तर विषयवार घेता येतो का ते विचारा, आणि एनसीईईएसच्या साइटवरची आजची रूपरेषा समोर ठेवून त्यांच्या धड्यांची यादी ताडून पाहा.

प्रॅक्टिस एक्झाम घ्यावीच, तिच्याइतकी अस्सल भाषा दुसरीकडे मिळत नाही. दुसऱ्यांदा बसणाऱ्याची अडचण एवढीच की ती आधी सोडवलेली असते आणि उत्तरं लक्षात असतात. यावर उपाय म्हणजे प्रश्न उलटा करणं. पाइपचा व्यास दिलाय आणि प्रवाह विचारलाय? प्रवाह धरून व्यास काढा. पंपाचं हेड विचारलंय? हेड धरून पाइपची लांबी काढा. एकाच प्रश्नातून तीन निघतात, आणि सूत्राची प्रत्येक बाजू ओळखीची होते.

टीआय-३६एक्स प्रोबद्दल तक्रार नाही. त्याचा न्यूमरिक सॉल्व्हर म्हणजे ट्रॅपेझॉइडल चॅनलची नॉर्मल डेप्थ (एकसारख्या प्रवाहातली पाण्याची खोली) पुन्हापुन्हा अंदाज लावून काढायची कटकट संपली. फक्त सुरुवातीचा अंदाज शहाणपणाने द्यायचा आणि आलेली खोली खरी वाटते का ते पाहायचं. ज्यांचा हात कॉलेजपासून कॅसिओ एफएक्स-९९१ वर बसलाय त्यांनी उगाच बदलू नये, ती मालिकाही चालते. दोन्हीपैकी कोणताही घ्या, पण परीक्षेच्या आदल्या महिन्यात नवा घेऊ नका.

परीक्षेच्या दिवसाबद्दल एकच सुचवते. पेपर दोन भागांत असतो आणि पहिला भाग सबमिट केला की परत जाता येत नाही. मध्ये ५० मिनिटांची सुट्टी मिळते, ती ८ तासांत धरत नाहीत. तास दोन भागांत वाटून दिलेले नसतात, पहिल्या भागात वाचवलेली मिनिटं पुढे वापरता येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून सबमिट करण्याआधी एकही जागा रिकामी राहिलेली नाही ना, ते बघा. सुट्टीत पूर्ण वेळ बाहेर बसा, खा, पाणी प्या. दुसऱ्या भागात मला सगळ्यात जास्त फरक याचाच जाणवला.

नोंदणीचे नियम दुसऱ्या खेपेला नीट वाचा. एनसीईईएसच्या नियमाप्रमाणे एका तिमाहीत एकदाच आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा बसता येतं. काही राज्यांची परवाना देणारी मंडळं याहून कडक आहेत, तर काही ठिकाणी पुन्हा अर्ज करावा लागतो. परीक्षेची ४०० डॉलर फी प्रत्येक वेळी नव्याने भरायची. काही कंपन्या ती परत देतात, पण पास झाल्यावरच, म्हणून एचआरला आधीच विचारा. तारीख ठरवताना ऑफिसची सबमिटलची वेळापत्रकं समोर ठेवा आणि परीक्षेच्या आधीच्या दोन दिवसांची रजा त्याच दिवशी टाकून ठेवा. हँडबुकच्या आवृत्त्या अधूनमधून बदलतात, तेव्हा तारीख हातात आल्यावर मायएनसीईईएसवर जाऊन आपली प्रत चालू आहे का ते पुन्हा तपासा. पान क्रमांक पाठ करू नका, ते सरकतात. प्रकरणांचा क्रम आणि शोधायचे शब्द मात्र आवृत्ती बदलली तरी बहुतांशी कामी येतात.